मिसळणाच्या डब्यातल्या सह्या

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, लोकांची टेंडरं भरून देते. मग समोरचा माझ्याकडे जरा निरखून बघतो. काहींना वाटतं बाईची वरपर्यंत ओळख असणार. काहींना वाटतं बाई पक्की लबाड असणार. ओळख कुणाचीच नाही. लबाडीचं पुढे सांगते.

सीबीएस बसस्टँडजवळच्या एका कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर माझा दहा बाय बाराचा गाळा आहे. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, आणि जिना चढून धापा टाकत येणाऱ्या ठेकेदारांसाठी पाण्याचा माठ. लिफ्ट आहे, पण ती चालू असलेली मी आजवर पाहिलेली नाही.

पूर्वी टेंडर म्हणजे लाखेचं सील लावलेला लिफाफा पालिकेच्या पेटीत टाकायचा. आता सगळं सरकारी पोर्टलवर. पालिका जाहिरात देते, अमुक काम करून हवंय, कोण करतंय ते सांगा. मग ज्याला काम हवं त्यानं दोन लिफाफे भरायचे. नाव लिफाफ्याचं, असतात त्या फायलीच. पहिल्यात तुम्ही कोण, अनुभव काय आणि काम कसं करणार ते लिहायचं. दुसऱ्यात दर. पालिकेची समिती पहिला लिफाफा उघडून गुण देते, आणि त्यात जो पास झाला त्याचाच दुसरा उघडते. सगळं भरून झालं की सही. ही सही म्हणजे पेनड्राइव्हसारखी दिसणारी एक डोंगल. ती कॉम्प्युटरला लावायची, पासवर्ड टाकायचा, झाली तुमची सही.

आता ही डोंगल कायद्यानं ज्याची त्यानं जपायची असते. पण आमच्याकडे जपतंय कोण? ठेकेदार हातात डोंगल आली की म्हणणार, "ताई, तुमच्याकडेच राहू द्या, माझ्याकडून कुठंतरी जाईल." असं करत करत माझ्याकडे चाळीसेक लोकांच्या सह्या जमल्या. त्या ठेवायला मी घरून सासूबाईंचा जुना मिसळणाचा डबा आणला होता. सात वाट्यांचा, स्टीलचा, आत हळदीचे डाग तसेच. हळदीच्या वाटीत जेवणाचे ठेकेदार, मोहरीच्या वाटीत रस्तेवाले, जिऱ्याच्या वाटीत सिक्युरिटीवाले. ओळखू यावं म्हणून प्रत्येक डोंगलला नेलपॉलिशचे ठिपके. आणि पासवर्ड? सगळ्यांचा एकच. मीच ठेवलेला. चाळीस पासवर्ड कोण लक्षात ठेवत बसणार! हसा खुशाल. मलाही तेव्हा ती हुशारीच वाटायची.

हळदीच्या वाटीत तीन डोंगल एकाच माणसाच्या होत्या. त्यांना सगळे शेठ म्हणतात, मीही शेठच म्हणायचे. वसतिगृहं, दवाखाने, निवडणुकीच्या ड्युटीवरची माणसं, जिथं सरकारी जेवण लागतं तिथं शेठ. पहिल्यांदा जाहिरात निघाली की निदान तीन प्रस्ताव यावे लागतात, नाहीतर पुन्हा जाहिरात काढावी लागते. म्हणून शेठ तिन्ही स्वतःच भरायचे. एक स्वतःच्या नावानं, एक मेव्हण्याच्या, एक बायकोच्या. बाकी दोघांचा दर मुद्दाम चढा. ह्याला आमच्यात सपोर्ट म्हणतात. ते चूक आहे हे मला माहीत होतं. मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. पण मी स्वतःला सांगायचे, मी आपली टायपिस्ट. लोक सांगतील ते टाइप करायचं, बाकी त्यांचं ते बघून घेतील.

अशा माझ्या गाळ्यात एके दिवशी सकाळी बचत गटाच्या अध्यक्षबाई आल्या. पन्नाशीच्या, खांद्याला औषध कंपनीची कापडी पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. जिल्ह्यातल्याच एका गावच्या पालिकेचं छोटं रुग्णालय आहे, जास्त करून बाळंतिणींचं. तिथलं जेवण ह्यांचा गट तीन वर्षं करत होता. अकरा बायका. आता मुदत संपत आली होती आणि पालिकेनं नव्यानं प्रस्ताव मागवले होते. त्यात दरापेक्षा काम कसं करणार ह्याला जास्त गुण होते. अध्यक्षबाईंनी जाहिरातीचं कात्रण चार घड्या घालून ब्लाउजमध्ये ठेवलं होतं.

"ताई, हे आम्हाला मिळालंच पायजे," त्या म्हणाल्या. "नाय मिळालं तर अकरा जणी परत द्राक्षाच्या बागेत. कंबर मोडती. तेबी चालंल एक वेळ. पण तितं कोणी आमाला विचारीत नाय, हितं डॉक्टरीणबाई विचारत्यात, आज हिला काय द्यायचं?"

मी म्हटलं, "मिळेल हो. कागद आणलेत ना सगळे?"

कागद चोख होते. नोंदणी, अन्नपरवाना, रुग्णालयाचा दाखला, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत ओळीनं. आणि त्या कागदांखालून त्यांनी एक दोनशे पानी वही काढली. म्हणाल्या, "काम कसं करणार ते लिहा म्हणत्यात ना, ते ह्याच्यात हाय. आम्ही अकरा जणी बसलो व्हतो आठ दिवस. ज्याचं त्यानं सांगितलं, माझ्या सुनेनं लिवलं."

मी वही उघडली. निळ्या पेनानं, मोठ्या अक्षरात, एका ओळीआड लिहिलेलं. मी वाचत गेले तसतसा माझा पारा चढत गेला.

लिहिलं होतं, बाळंतीण रात्रभर जागी असते, तिला सकाळी सहाला भूक लागते. सरकारी नाश्ता आठला आहे. आम्ही सहाला पेज देतो. पेजेचा तांदूळ जुना घेतो, नवा चिकट होतो. लिहिलं होतं, जी बाई जेवत नाही तिच्या ताटाजवळ आमच्यातली एक जण बसते, कुणाची पाळी ते फळ्यावर लिहिलेलं असतं. मुलगी झाली म्हणून घरच्यांनी तोंड फिरवलेली बाई असेल तर दोघी बसतात. आणि पुढच्या पानावर, एकदा आमची डाळ करपली. ती टाकून दुसरी केली, जेवण पाऊण तास उशिरा गेलं. तेव्हापासून डाळ दोन पातेल्यांत शिजवतो, म्हणजे एक करपली तरी दुसरी राहते.

"अहो बाई!" मी ओरडलेच. "करपलेली डाळ टेंडरात लिहितात का? वेड लागलंय का तुम्हाला? स्वतःच्याच पायावर धोंडा!"

"पण करपली व्हती ना."

"करपली तर करपली! सरकारला कशाला सांगायला जाताय?"

आणि मी लाल पेन घेतलं आणि त्या डाळीच्या परिच्छेदावर, वहीच्या पानावरच, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली. दुसऱ्याच्या वहीत. विचारायचंही मला सुचलं नाही. अध्यक्षबाई त्या फुलीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं, तुम्हाला जास्त कळतंय. पण बाकीचं घाला हां ताई, बायांनी लय मनानं सांगितलंय."

"घालते घालते," मी म्हटलं. "जरा चांगल्या भाषेत."

त्यांनी आपली डोंगल आणि वही माझ्याकडे ठेवली. डोंगल मी हळदीच्या वाटीत टाकली, शेठच्या तीनांशेजारी. गुलाबी ठिपका.

शेवटची तारीख तीन वाजेपर्यंतची होती. आमच्या धंद्यात सगळे शेवटच्या दिवशीच जागे होतात, आपला दर फुटेल म्हणून आधी कुणी भरत नाही. त्या दिवशी माझ्याकडे चार टेंडरं होती, पोर्टल मुंगीच्या पावलानं चालत होतं, आणि शेठ दर दहा मिनिटांनी फोन करत होते. शेठही ह्याच रुग्णालयाचं भरत होते, तिन्ही नावांनी. हे मी अध्यक्षबाईंना सांगितलं नव्हतं. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही हा आमचा नियम, आणि तो मी मोठ्या इमानानं पाळायचे.

दीड वाजला तरी बायकांचं 'कामाची पद्धत' टाइप व्हायचं होतं. वही समोर होती. एका ओळीआड लिहिलेली असली तरी चाळीस पानं होती. मी वहीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि कॉम्प्युटरमधली माझी ठरलेली फाइल उघडली.

ही फाइल म्हणजे माझी कामधेनू. खूप पूर्वी एका वसतिगृहाच्या जेवणाच्या टेंडरसाठी मी ती लिहिली होती. पौष्टिक, संतुलित, दर्जेदार, स्वच्छता, पर्यवेक्षण, सगळे जड शब्द त्यात होते. तेव्हापासून जेवणाचं कुठलंही टेंडर आलं की तीच. वसतिगृहाच्या जागी रुग्णालय, विद्यार्थ्यांच्या जागी रुग्ण, कॉम्प्युटरला सांगितलं की एका झटक्यात सगळीकडे बदलून देतो. शेठच्या तिन्ही प्रस्तावांत मी तीच टाकली होती. एरवी सपोर्टच्या फायलींत चार परिच्छेद तरी पुढेमागे करते, दिसायला वेगळं दिसावं म्हणून. त्या दिवशी तेवढाही वेळ नव्हता. चौथीला मी फक्त वरचं नाव बदललं, गुलाबी ठिपक्याची डोंगल लावली, पासवर्ड टाकला. तीनला चार मिनिटं कमी असताना गटाचं टेंडर भरून झालं. अध्यक्षबाईंना फोन केला तर मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"आमचं घातलं ना सगळं?"

"घातलं," मी म्हटलं.

तुम्ही म्हणाल, पकडलं जाईल असं वाटलं नाही का? नाही वाटलं. इतकी वर्षं ती फाइल मी किती कार्यालयांत भरली असेन, देव जाणे. आजवर ती कुणी वाचलीच नव्हती. शिक्का बघायचे, पानांचे नंबर बघायचे, गुण द्यायचे. मजकूर वाचतात ही गोष्ट माझ्या मनाला कधी शिवलीच नाही.

पण त्या पालिकेत नुकत्याच एक मुख्याधिकारी मॅडम आल्या होत्या आणि त्या वाचायच्या.

आठ-दहा दिवसांनी निरोप आला, चारही प्रस्तावधारकांनी समितीसमोर हजर राहावं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही चला, आम्हाला बोलता येत नाय तितं." म्हणून मी गेले. पालिकेच्या सभागृहात समोर समिती, एका बाजूला शेठ, त्यांचा मेव्हणा आणि बायको, आणि दुसऱ्या बाजूला अकराच्या अकरा बायका, इस्त्रीच्या साड्या नेसून, परीक्षेला आल्यासारख्या. दुपारचा स्वयंपाक पहाटे उठून अर्धा उरकून आल्या होत्या. मी मागच्या रांगेत.

मॅडमनी शेठचा प्रस्ताव हातात घेतला आणि शांतपणे वाचायला लागल्या. "रुग्णांना मैदानी खेळांनंतर एक ग्लास दूध देण्यात येईल."

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं.

"शेठ, हे बाळंतिणींचं रुग्णालय आहे. त्यांना मैदानी खेळ कोण खेळवणार? तुम्ही?" मग पुढचं पान. "वार्षिक परीक्षेच्या काळात रुग्णांच्या आहाराकडे विशेष लक्ष पुरवण्यात येईल."

आता सगळेच हसायला लागले, शेठसुद्धा. मी पुढच्या खुर्चीआड खाली सरकले. मॅडमनी मेव्हण्याचा प्रस्ताव घेतला, तेच वाचलं. बायकोचा घेतला, तेच. मग चौथा उचलला. अकरा जणी सरसावून बसल्या. मॅडमनी तेच वाचलं. मैदानी खेळ, दूध, वार्षिक परीक्षा.

अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. "मॅडम, हे आमचं नाय."

"खाली सही कुणाची आहे?"

मॅडमनी कागद त्यांच्यासमोर धरला. अध्यक्षबाईंनी चष्मा नीट केला, वाकून बघितलं. "सही आमचीच हाय," त्या म्हणाल्या.

मी तेव्हा उठायला हवं होतं. मागच्या रांगेतून पुढे यायला दहा पावलं होती. शेठनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. काय शोधत होते? काही नाही. लाज वाटते सांगायला, पण मी उठले नाही.

मॅडमनी निकाल सांगितला. चारही प्रस्ताव एकाच हातचे, चारही अपात्र. आठ दिवसांत लेखी खुलासा द्या, आणि आपापसात ठरवून भरल्याचं दिसलं तर चौघांचीही नावं काळ्या यादीत. काळी यादी म्हणजे पुढची तीन वर्षं कुठलंच सरकारी काम नाही.

बाहेर पायऱ्यांवर बायका घोळका करून उभ्या राहिल्या. एक जण म्हणत होती, "आपण कवा शेठसंग बसलो व्हतो गं? मी तर त्याला आज पयल्यांदा बघितला." अध्यक्षबाई माझ्याजवळ आल्या.

"ताई, वहीतलं घातलं व्हतं का?"

"नाही," मी म्हटलं.

मला वाटलं आता ह्या मला शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या, माझं मन तरी मोकळं झालं असतं. त्या मागे वळून बायकांना म्हणाल्या, "चला गं, भाकऱ्या राहिल्यात." आणि अकरा जणी रुग्णालयाच्या दिशेनं चालत गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेठचा फोन आला. आवाजात काही घडलंच नसल्यासारखी मजा. "ताई, टेन्शन घेऊ नका. चौघांचा खुलासा तुम्हीच करून टाका. पोर्टलचा एरर आला, फायली एकमेकींत मिसळल्या, असं काहीतरी."

"आणि बायकांचं?"

"त्यांचं काय? त्यांची सही आहेच तुमच्याकडे. त्या काय बोलणार, त्यांना कळतंय काय!"

त्यांना कळतंय काय. हेच मी त्या दिवशी लाल पेन हातात घेऊन म्हटलं होतं, शब्द वेगळे होते इतकंच. मला इतका संताप आला म्हणून सांगू! अर्धा शेठचा आणि अर्धा माझा स्वतःचा. "शेठ, तुमच्या तिन्ही सह्या घेऊन जा," मी म्हटलं, "आणि पुन्हा ह्या जिन्यावर पाय ठेवू नका." फोन आपटायची सोय आता राहिली नाही, नाहीतर आपटलाही असता.

मग मी वही काढली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. तीन वर्षांत त्या अकरा जणींचं कुठं कुठं चुकलं आणि मग त्यांनी काय बदललं, हेच सगळं त्यात होतं. दूध कधी नासलं, पाणी कधी गेलं, मीठ कधी दोनदा पडलं. माझ्या फाइलीत एकही चूक नव्हती, कारण ती कुणी कधी रांधलीच नव्हती.

मी त्याच दिवशी दुपारी एसटीनं पालिकेत गेले. पिशवीत वही आणि मिसळणाचा डबा. माझा खुलासा मी हातानं लिहून नेला, टाइप करायचा धीर होईना. त्यात लिहिलं होतं, बायकांचा प्रस्ताव मी बदलला, त्यांना न सांगता, आणि त्यांची सही मी केली. शेठचे तिन्ही मीच भरले. मॅडमनी वाचलं आणि विचारलं, "अशा किती सह्या असतात तुमच्याकडे?"

मी डबा टेबलावर ठेवून झाकण काढलं. चाळीसेक डोंगल, ठिपक्याठिपक्यांच्या. मॅडम हसल्या नाहीत. एकेक वाटी बघितली, मग म्हणाल्या, "आणि पासवर्ड?"

"एकच आहे," मी म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी वही चाळली, बराच वेळ. लाल फुलीच्या पानावर थांबल्या. "हे कुणी केलं?"

"मीच."

"हं," त्या म्हणाल्या. "बंद झालेल्या लिफाफ्यात मी आता काही घालू शकत नाही. ही वही मला विचारात घेता येणार नाही. पण ह्या बायका शेठबरोबर नव्हत्या, एवढं तुमच्या लिहिण्यावरून ठरतंय." वही त्यांनी मला परत दिली आणि म्हणाल्या, "ज्याची त्याला नेऊन द्या. डब्यातलंसुद्धा."

शेठची तिन्ही नावं काळ्या यादीत गेली. मला लेखी ताकीद मिळाली, ती गाळ्यात कपाटाला आतून चिकटवून ठेवली आहे. गटाचं नाव सुटलं, पण टेंडर रद्द झालं आणि पुन्हा जाहिरात निघाली. म्हणजे बायकांना काम अजून मिळालेलं नव्हतं, नुसती परत रांगेत उभं राहायची परवानगी मिळाली होती.

मी सगळ्यांना फोन करून सांगितलं, आपापली डोंगल घेऊन जा, पासवर्ड बदला, भरताना समोर बसा. ठेकेदार वैतागले. "ताई, तुम्हाला एकदम काय झालं?" काही जणांनी डोंगल नेली ती कायमचीच, आता ते पलीकडच्या गल्लीत जातात. तिथं अजून डबा आहे म्हणे. हळदीची वाटी रिकामी झाली, मोहरीची झाली.

अध्यक्षबाई शेवटी आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. मी वही दिली, गुलाबी ठिपक्याची डोंगल दिली. मनातलं बोलून टाकलं, "माझं फार चुकलं हो. तुम्ही म्हणाल तर ह्या वेळी मी एक अक्षर न बदलता..."

"नाय ताई," त्या म्हणाल्या. "ह्या बारीला आमचं आम्ही भरू. चुकलं तर आमचं चुकंल." मग दारापर्यंत जाऊन परत वळल्या. "तुम्ही मॅडमकडं गेल्ता ते कळलं. बरं केलं." आणि जिना उतरून गेल्या. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी त्यांचा फोन आला. गावातल्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये बसल्या होत्या, सून माउस चालवत होती. "ताई, फाइल मोठी हाय म्हणतंय. घेतच नाय."

मी फोनवरून सांगत गेले. स्कॅन किती बारीक करायचं, पानं कशी जोडायची, कुठल्या चौकटीत टाकायची. पाऊण तास लागला. मागून बायकांचे आवाज येत होते, आता इकडं दाब, नाय गं तिकडं. दोन लिफाफे भरून झाले, शेवटचं पान आलं.

"पासवर्ड मागतंय," त्या म्हणाल्या.

मी सवयीनं पासवर्ड सांगून मोकळी झाले.

"तो नाय आता ताई," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बदललाय." मग बटणं दाबल्याचे आवाज आले. मी ऐकत राहिले. जरा वेळानं अकरा जणींचा एकच गलका झाला, त्यावरून मला कळलं की सही झाली.

काम त्यांना मिळालं. हे मी पोर्टलवर वाचलं, सकाळी चहा पिताना, आणि माझ्याच कपाटासमोर एकटीच हसले. पहिल्या लिफाफ्यात सगळ्यांत जास्त गुण त्यांचे होते. दर त्यांचा सगळ्यांत कमी नव्हता, तरीही.

पुढे आठवडाभरानं माझ्या फोनवर अध्यक्षबाईंनी एक फाइल पाठवली. पालिकेचा करारनामा, सह्या व्हायच्या आधीचा. खाली लिहिलं होतं, ताई एकदा नजर टाका, सगळं बरोबर हाय का.

मी गाळ्याचं दार लोटून घेतलं आणि वाचायला बसले. मुदत बरोबर, दर बरोबर, अटी बरोबर. अटींत एक अट होती, प्रसूत मातांना रोज सकाळी सहा वाजता पेज देणे ठेकेदारावर बंधनकारक राहील. दुसरी होती, डाळ दोन स्वतंत्र भांड्यांत शिजवण्यात यावी, सोबतचे परिशिष्ट पाहावे. परिशिष्ट म्हणजे वहीच्या पानांची झेरॉक्स. बायकांनी ती पानं पुन्हा लिहून काढली नव्हती, होती तशीच स्कॅन केली होती. प्रत्येक पानावर पालिकेचा गोल शिक्का. डाळीचं पान आलं. त्याच्यावर ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत माझी फुली होती, झेरॉक्समध्ये काळी झालेली, आणि फुलीखाली त्यांचं मोठं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. फुलीवरही शिक्का होता.

मी ते पान बराच वेळ उघडं ठेवलं. मग त्यांना उत्तर लिहिलं, सगळं बरोबर आहे, सही करा.